चालतं घड्याळ

"खर्च सांगा, नुसते सुस्कारे टाकू नका," सिस्टर म्हणाली.

घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग काढून काउंटरवर ठेवलं. या माणसाचे सुस्कारे म्हणजे अर्धं बिल, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. पण आज तो आकडा काही सांगेना.

"ताई, माझ्या मजुरीचं सोडा. आत ते चाक झुलतं ना, त्याचा दांडा तुटलाय. केसाएवढा असतो. हे घड्याळ निघायचं बंद होऊन जमाना झाला, भाग आणू कुठून? असंच दुसरं मिळालं तर त्यातला काढून यात घालीन. पण ते दुसरं मग गेलंच म्हणून समजा."

"एवढंच ना? आहे दुसरं. भावाकडे पडलंय."

आदल्या दिवशी वॉर्डातल्या बेसिनपाशी पट्टा निसटला आणि घड्याळ फरशीवर आपटलं, तेव्हा तिच्या काळजात चर्र झालं होतं. नर्सिंग पास झाल्यावर बाबांनी ते तिच्या मनगटावर बांधलं, तेव्हापासून किती नाड्या तिने त्यावर मोजल्या याला गणती नव्हती. कित्येकांची नाडी थांबली तीही याच काट्याकडे बघताना. त्याच दिवशी बाबांनी दादालाही अगदी तसंच घड्याळ दिलं होतं, पुढे भांडण नको म्हणून. दादाने ते एक दिवसही घातलं नाही. बाबा गेले तेव्हा भरल्या घरात तिने त्याला हे ऐकवलं, आणि तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं कामापुरतं उरलं. आज काम निघालं तेही नेमकं घड्याळाचं. मागायला जायचं तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून वाटभर ती भांडणाची वाक्यं जुळवत गेली.

दार वहिनीने उघडलं. दादा कारखान्यातून नुकताच आला होता. लेथच्या फिरत्या यंत्रावरचं काळं तेल नखांतून निघत नव्हतं आणि तो फडक्याने एकेक बोट पुसत बसला होता. सिस्टरने उभ्या उभ्याच सगळं एका दमात सांगून टाकलं. दादा बोटं पुसतच राहिला.

"तुझं नुसतं पडून तर आहे," ती म्हणाली. "माझं तरी चालेल."

"पडून आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? कधी तुझ्या हातात दिसलं का ते? बाबांना काय वाटत असेल याचा तरी..."

"अहो, सांगा ना त्यांना," वहिनी मध्येच म्हणाली.

"तू गप्प बस."

"गप्पच तर बसलेय. चारचौघांत तुमचा पाणउतारा झाला तेव्हाही गप्पच बसले होते!"

वहिनीचा आवाज असा चढलेला सिस्टरने कधी ऐकला नव्हता. आता दादा आपल्याला दाराबाहेर काढणार, असं तिला क्षणभर वाटलं. पण तो उठला, कपाटाचा खण ओढला आणि एक घडी घातलेला रुमाल आणून टेबलावर तिच्यापुढे ठेवला.

"घे. ने."

तिने रुमाल उलगडला. काच लख्ख पुसलेली होती आणि सेकंदकाटा धावत होता.

"चालतंय हे?"

"रोज किल्ली देतो."

"मग घालत का नाहीस?"

"लेथवर कोणी घड्याळ घालतं का? पट्टा अडकला की हात आत. बाबांना माहीत होतं ते." दादा तिच्याकडे बघतच नव्हता. "अंथरुणाला खिळले, तेव्हा रोज सकाळी विचारायचे, किल्ली दिलीस का? मी म्हणायचो, दिली. आमचं दिवसभराचं बोलणं तेवढंच. आता ते नाहीत, पण सकाळ झाली की हात जातो."

सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटेत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आता कामाचं नव्हतं.

"मला कधी बोलला नाहीस."

"तू विचारलंस कुठे? तू ऐकवलंस."

तिने घड्याळ परत रुमालावर ठेवलं. मग दादाच म्हणाला, "ने घेऊन. तुझ्या कामाला येईल. माझी काय, सवय आहे, मोडेल."

आवाज अगदी साधा होता. पण बोलताना त्याचा हात टेबलावर रुमालाजवळच राहिला होता. रोग्याचे नातेवाईक 'आमचं काही नाही, तुम्ही त्यांचं बघा' म्हणतात, तो आवाज तिने वॉर्डात पुष्कळ ऐकला होता. तिने घड्याळ पुन्हा रुमालात गुंडाळलं, त्याच्यापुढे सरकवलं, आणि पर्समधून आपलं काढून शेजारी ठेवलं.

"हेही ठेव. तुझं कधी बिघडलं तर यातले भाग घालता येतील. बाजारात मिळत नाहीत म्हणे."

"आणि तू काय करशील?"

"मला काय, दुकानं भरली आहेत घड्याळांनी." तिला हसायचं होतं, ते जमलं नाही. "चुकलं माझं, दादा. तेव्हाही आणि आजही."

दादा तिला सोडायला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आला. वळताना म्हणाला, "काम नसलं तरी येत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात तिने कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांचा हात हातात घेतला. काल दादाकडून परतताना विकत घेतलेलं नवं घड्याळ चकचकीत होतं, स्वस्तही होतं. त्याचा काटा धावत नव्हता, थांबून थांबून पुढे उडी मारत होता. नाडी एकीकडे आणि काटा भलतीकडे, असं होऊन तिचा आकडा चुकला. शिकाऊ असताना चुकला असेल तेवढाच.

"काही वाईट आहे का हो, सिस्टर?" आजोबांनी घाबरून विचारलं.

"छे हो. तुमचं अगदी छान चाललंय," ती म्हणाली. "हात जरा तसाच राहू द्या." आणि तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.