पर्सिस्ट : स्वतःचे वाक्य करा

एकोणीस. सव्वीस. एकतीस.

उकळत्या पाण्यात सुया.

क्रियापद. अर्थ : धरून राहणे, न सोडणे, टिकून राहणे. पुढे ‘इन’ येते.

वस्तीतल्या नव्या विहिरीचा कठडा, मे महिना.

टेबलाचा डावा खण.

हे सगळं एकाच बाईचं आहे. नीट लावून सांगायचा प्रयत्न करतो.

मथुराबाई पुसदच्या सरकारी दवाखान्यात आया होती. सुया उकळायची, पट्ट्या धुवायची. नवरा मारायचा म्हणून त्याला सोडून दारव्ह्याहून बापाकडे आलेली. बाप डोमाजी, कापसाच्या जिनात कामाला. छप्पन साली दोघं ट्रकमधून नागपूरला गेली, दीक्षा घेऊन आली, आणि दिवाळीच्या आधी ती माझ्या दारात उभी राहिली.

“गुर्जी, मले नर्स व्हाचं हाय. मॅट्रिक लागते म्हनते.”

शाळा नववीत सुटलेली. त्यात नर्सच्या शिक्षणाला वयाची अट. साठच्या उन्हाळ्यापर्यंत मॅट्रिक झाली तरच तिला अर्ज करता येणार होता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुढे विसरलो असं म्हणायचीही सोय नाही.

बाकीच्या विषयांत ती निघाली. इंग्रजीत अडकली. पस्तीस लागत. सत्तावनला एकोणीस, अठ्ठावनला सव्वीस, एकोणसाठला एकतीस.

इंग्रजी मीच शिकवायचो तिला. पाठ केलेलं वाक्य मला चालत नसे. गाइडातलं आलं की वही परत. स्वतःचं करा. पर्सिस्टला तिनं लिहिलं, ‘द फीवर पर्सिस्ट्स.’

“हे कुठून उचललं?”

“उचललं नाई, गुर्जी. डॉक्टरसायेब रोज लिवते पेशंटच्या कागदावर.”

“माणसाचं करा. माणूस कशात पर्सिस्ट करतो?”

तिनं वही माझ्याकडे सरकवली. “मानसाले इचारा लागते, गुर्जी. ताप तं कोनाले न इचारता राह्यते.”

मी ते वाक्य खोडलं. वाक्य बरोबर होतं.

निकाल नागपूरच्या पेपरात यायचा. पास झालेल्यांचे नंबर छापत. नापास म्हणजे नुसती दोन आकड्यांमधली जागा. दवाखान्याच्या ओसरीवर ती बोट ठेवून रांग उतरायची. तिसऱ्या वर्षी बोट खालपर्यंत गेलं, तेव्हा कंपाउंडर बाबुलाल म्हणाला, “काय मथुराबाई, येंदाबी संसार इंग्रजीशीच का?”

“त्याच्याहून बरा नवरा कोनता भेटते, बाबुलालभाऊ? मारत नाई. नुसता नापास करते.”

सगळे हसले. मीही हसलो.

आठ दिवसांनी डोमाजी आला. आत यायला तयार नाही. टोपी हातात.

“गुर्जी, पोरगी दुपारभर विहिरीच्या कठड्यावर बसून राह्यते. पाय आत सोडून. मी मांगून पायलं. बोललो नाई. मले भेव लागते.”

“मी समजावतो.”

“समजावून आयकनार नाई थे. तुमीच काई करा. पुन्यांदा नंबर नाई आला तं माही पोरगी जाईन.”

मी काही केलं नाही. म्हणजे, तेच केलं.

बाहेरून बसणाऱ्यांचे फॉर्म माझ्या सहीनं जात. डिसेंबरात ती फोटो चिकटवून फॉर्म देऊन गेली. मी तो टेबलाच्या डाव्या खणात ठेवला. उद्या सही करू. मग परवा. मग तारीख गेली. आपण एक जीव वाचवला, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्यात आणखी एक होतं : चौथ्यांदा ते बोट रांगेवरून उतरताना बघायचं नव्हतं. तीन वेळा एकटी तीच नापास झाली होती असं नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती वही न घेताच आली. “सगळ्याइचं हॉलतिकीट आलं. माहं काहून नाई आलं, गुर्जी?”

टपालात हरवलं असेल, हे वाक्य माझ्याकडे तयार होतं. मी खण उघडला.

तिनं फॉर्म उलटून पाहिला. फोटो सुटला होता, तो अंगठ्यानं दाबला.

“डोमाजी म्हणाले, तुम्ही विहिरीवर...”

“तिथं थंडाई राह्यते. घरात टीन तपते. पुस्तक घेऊन बसत होती मी. बाबाले पुस्तक दिसलं नाई. तुमी इचारलं असतं तं मी सांगतलं असतं. तुमी इचारलं काहून नाई?”

मी खण लावून घेतला.

“नापासच व्हाचं होतं तं मी झाली असती न, गुर्जी. थे बी तुमीच करून टाकलं.”

आवाज चढला नाही तिचा. फॉर्म घडी करून नेला. काय उपयोग होता त्याचा, कोण जाणे.

मी वर्गात तो शब्द अजून शिकवतो आणि स्वतःचं वाक्य करून बघतो. ‘तो चुकीत पर्सिस्ट करत राहिला.’ खोडतो. चूक एका दिवसाची. एक दिवस या क्रियापदाला पुरत नाही. पण तारीख गेल्यावर मी दोन महिने गप्प बसलो होतो. रोज ती दवाखान्यातून येऊन वही पुढे करायची आणि रोज मी लाल शाईनं चुका काढायचो. त्याला पुरतं.

पुढच्या वर्षी तिनं यवतमाळहून फॉर्म भरला. सही कोणाची घेतली, माहीत नाही. इंग्रजीत एकेचाळीस. वय निघून गेलं होतं. आजही ती दवाखान्यात आयाच आहे. बाबुलाल तिला ‘मॅट्रिक’ म्हणून हाक मारतो आणि ती ओ देते. माझ्याकडे पेढा पाठवला होता, डोमाजीच्या हाती. स्वतः आली नाही. रस्त्यात भेटली की ‘जयभीम, गुर्जी’ म्हणते आणि थांबत नाही.

मार्च साठचा इंग्रजीचा पेपर सोपा होता.