फळीताईच्या मापाची खुर्ची

एक पिवळा स्कार्फ, एका टोकाला उसवलेला.

सत्तावीस सेंटिमीटर.

बसच्या मागच्या बाकावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार नळ्या. कंडक्टर म्हणाला, यांचं निदान अर्धं तिकीट तरी काढा.

खोडरबराचा चुरा, ओंजळभर.

तिसरीच्या वर्गात बाकाच्या मागे बसलेली एक आई. तिला तेराचा पाढा न अडखळता येतो.

कापडाच्या उलट्या बाजूला, सुई बोटात गेल्याचा एक तांबडा ठिपका.

मित्रांनो, हा पसारा बघून गोंधळू नका. हा सगळा मिळून मी आहे. मी एक खुर्ची आहे. स्वतःला जुनी म्हणवत नाही, कारण जुने व्हायला आधी झिजावे लागते. जिच्यासाठी मला बनवले, ती मुलगी माझ्यावर सगळी मिळून साडेचार तास बसली. तेवढ्यात कोण झिजते?

तुमचा वाढदिवस एकच असतो. माझे तीन आहेत. कागदावर मी जन्मले एका शाळेत, जिथली मुले चित्रकलेत हुशार होती. माझे पाय आणि पाठ झाली दुसऱ्या शाळेत, जिथे वर्कशॉप होते. आसन शिवले तिसऱ्या शाळेत, शिवणवर्गात. माझे पाय माझ्या आसनापेक्षा चार महिन्यांनी थोरले आहेत. एकाच खुर्चीत थोरली-धाकटी भावंडे.

तीन शाळांच्या शिक्षकांनी ठरवले होते की मुलांनी मिळून एक वस्तू तयार करायची. चित्र काढण्यापासून शेवटचा स्क्रू पिळेपर्यंत सगळे मुलांनीच करायचे. आणि ती वस्तू एका खऱ्या माणसाला उपयोगी पडली पाहिजे, कपाटात ठेवायची नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून तिन्ही शाळांत लावले होते. कपाटात ठेवायची नाही.

तो खरा माणूस म्हणजे मुंगी.

मुंगी या तीन शाळांतली नव्हती. ती चौथ्याच एका शाळेत तिसरीत होती. तिची पाठ तिला सावरत नसे. साध्या बाकावर बसवले की ती हळूहळू एका बाजूला कलायची. म्हणून तिची आई रोज शाळेत यायची, तिच्या मागे बसायची आणि दोन्ही हातांनी तिला धरून ठेवायची. पहिलीपासून. हजेरी घेताना बाई गमतीने आईचाही नंबर घेत, आणि आई मान खाली घालून हळूच 'हजर' म्हणे. वर्ग हसे. मुंगीही हसे, पण सगळ्यांत शेवटी.

मुंगीचे आईवर फार प्रेम होते. तरी तिला हवे होते एकच, की आईने घरी जावे. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला ती म्हणाली होती, आई मागे असताना मी तुझ्या कानात काय सांगणार?

मित्रांनो, माझे काम एवढेच होते. एका मुलीला मैत्रिणीच्या कानाशी वाकता यावे, इतके तिला धरून ठेवायचे.

मापे घ्यायला तिघे गेले. चित्राच्या शाळेतली एक मुलगी, जिला सगळे रबर म्हणत, कारण ती काढायची कमी आणि खोडायची जास्त. वर्कशॉपच्या शाळेतला ठोक्या. आणि शिवणवर्गातली टाचणी, जिच्या तोंडात बोलतानासुद्धा दोन टाचण्या असत. त्यांनी मुंगीची अकरा मापे घेतली.

गुडघा ते तळपाय: सत्तावीस.
कमरेची रुंदी: चोवीस.
आसन ते मान: अडतीस.

आणखी आठ होती. मापांचा कागद तयार झाला आणि त्यावर तीन शाळांचे तीन शिक्के बसले. वेगवेगळ्या शाळांची मुले, उगाच घोळ नको, म्हणून नियम ठरला की तिन्ही शाळांच्या सह्यांशिवाय कागदावरचा एक आकडाही बदलायचा नाही. नियम चांगला होता. मी आजही त्याला नावे ठेवत नाही.

पण खुर्ची बसते की नाही, हे मधूनमधून बघायचे कसे? मुंगीला तीन शाळांत हिंडवायचे म्हणजे तिचे हाल. बसच्या पायऱ्या, वर्कशॉपचा जिना, त्यात उचलणाऱ्या आईची कंबर आधीच धरलेली. टाचणीलाच पहिल्यांदा ते सुचले. ती म्हणाली, "तिला कशाला दमवायचं? आपण तिच्या मापाची एक लाकडाची करू."

सगळ्यांना ते पटले. शिक्षकांनाही. ज्याला दुसऱ्याचे कष्ट दिसतात, त्यालाच असे सुचते.

ठोक्याने प्लायवुड कापून अकरा मापांची एक मुलगी केली. कमरेला आणि गुडघ्याला बिजागऱ्या लावल्या. वजनासाठी पोटाशी वाळूच्या दोन पिशव्या बांधल्या. टाचणीने आपला पिवळा स्कार्फ तिच्या गळ्यात घातला. तिचे नाव पडले फळीताई.

तिच्याइतके लाडके माणूस मी पाहिले नाही. ती एका शाळेतून दुसरीत जायची तेव्हा तिला बसमध्ये खिडकी मिळायची. ताई, जरा पाय वर घ्या. ताई आज गप्प आहेत, काल पेपर अवघड गेला वाटतं. पहिल्या दिवशी तीन कोपऱ्यांत तीन घोळके करून बसलेली ही मुले फळीताईमुळे एकमेकांशी बोलायला लागली. रबरला ठोक्याच्या शाळेतली सगळी नावे पाठ झाली. टाचणी हातोडी धरायला शिकली. ठोक्याने शिवणवर्गात एक टीप मारली, ती इतकी वाकडी गेली की तिन्ही शाळांत गाजली.

आणि प्रत्येक टप्प्याला फळीताईला माझ्यावर बसवून बघायचे. वर्कशॉपचे सर फार काटेकोर. कागदावर सत्तावीस आहे ना, मग सव्वीस पॉइंट नऊ नको आणि सत्तावीस पॉइंट एक नको, असे म्हणायचे. पायटेकू एकदा दोन मिलिमीटर खाली गेला तेव्हा ठोक्याने सांधा कापून परत जोडला. माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंचे आधार रिव्हेट मारून पक्के केले, सुटू नयेत, हलू नयेत म्हणून.

मी फळीताईला तंतोतंत बसत होते.

अकरा महिने लागले. एका शाळेची परीक्षा, तर दुसरीला सुट्टी. नळ्या एकदा चुकीच्या वाकल्या. फोम यायला पाच आठवडे गेले. रंगाचा दुसरा हात वाळेना. कुणी आळस केला नाही, मित्रांनो. मी साक्ष देते.

त्या अकरा महिन्यांत तिकडे मुंगीचे औषध बदलले होते. तिला भूक लागायला लागली होती. शेजारीपाजारी म्हणत, अगं, वाढलीस की! आईला आनंद मावत नव्हता. इकडे कुणाला कळवावे असे त्यात तिला काही वाटले नाही. मूल वाढले, हे काय कळवायचे?

तीन शाळांचे मिळून प्रदर्शन भरले. मोठा हॉल, स्टेजवर तीन मुख्याध्यापक. मी मधोमध, चकचकीत. बाजूला फळीताई स्कार्फ बांधून उभी. मला पहिले बक्षीस मिळाले. मग मुंगीला आणले. तिने निळा फ्रॉक घातला होता, अंगाबरोबर बसलेला, बाह्या नीट मनगटापर्यंत. आईने तिला उचलून माझ्यावर ठेवले. रबरने पट्टा लावला.

पट्ट्याचा खटका लागण्याआधीच मला कळले.

तिचे गुडघे वर आले होते. मांड्या आसनाला टेकतच नव्हत्या. माझे दोन्ही आधार तिच्या कमरेत रुतले. दोन सेंटिमीटर. तुमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढे. सारा हॉल टाळ्या वाजवत होता आणि रबर तिच्यापुढे गुडघे टेकून विचारत होती, "नीट बसतेयस ना गं?"

मुंगीने टाळ्या वाजवणाऱ्या मुलांकडे पाहिले. मग फळीताईकडे पाहिले.

"हो," ती म्हणाली.

मला तोंड नाही, मित्रांनो. खुर्चीला पाय देतात, पाठ देतात, हातही देतात. तोंड कुणी देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुंगीच्या वर्गात होते. आईने तिला बसवले, पट्टा लावला आणि ती दाराशी घुटमळली. बाई म्हणाल्या, जा आता, तुमचं नाव काढलं हजेरीतून. वर्ग हसला. या वेळी मुंगी सगळ्यांच्या आधी हसली. आई गेली. घरी गेल्यावर आपल्याला काय करावे ते सुचेना, धुतलेली भांडी परत धुतली, असे तिने नंतर बाईंना सांगितले.

पहिल्या तासाला मुंगी वाकली आणि मैत्रिणीच्या कानात काहीतरी बोलली. मी ऐकले. पण ते गुपित होते, मी सांगणार नाही. दोघी तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या की माझा मागचा पाय फरशीवर वाजला. माझ्या आयुष्यात मी कामाला आले, ती ही दोन मिनिटे.

दुसऱ्या तासाला तिने आसनाच्या कडा घट्ट धरल्या. तिसऱ्या तासाला तिचे पाय बधिर झाले. मधल्या सुट्टीत ती डबा उघडेना. भूक नाही म्हणाली. सुट्टीनंतर फळ्यावरचे उतरवून घेताना तिची पेन्सिल गळून पडली. बाईंनी वळून पाहिले, तर पोरीचा चेहरा पांढराफटक. पट्टा सोडला. फ्रॉकच्या आत कमरेवर दोन्ही बाजूंना लालभडक वळ उठले होते.

शिपाई पळत जाऊन आईला घेऊन आला. आईने तिला उचलून कडेवर घेतले. मुंगी रडली नाही. आईच्या मानेत तोंड घालून तिने विचारले, "आई, मी मोठी झाले, ते चुकलं का?"

"नाही गं राणी," आई म्हणाली. "खुर्चीला कळलं नाही."

मला कळले होते.

आठवड्याने ठोक्या आला, पिशवीत करवत घेऊन. त्याने आधी मुंगीचे माप घेतले. एकोणतीस. त्याने टेप परत लावला. एकोणतीस. तो तिथेच फरशीवर बसला आणि किती तरी वेळ टेप बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "फळीताईला रोज मापलं. हिला परत एकदासुद्धा नाही."

तो माझे रिव्हेट कापायला निघाला होता. पण सोबत आलेल्या वर्कशॉपच्या सरांनी त्याला थांबवले. त्यांचा आवाज मऊ होता. ही खुर्ची तुझी एकट्याची नाही, बाळा, तीन शाळांची आहे. रीतसर सह्या घेऊ, मग दोन दिवसांत करून देऊ, असे ते म्हणाले. दोन सह्या लगेच झाल्या. तिसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक बदलून गेले होते. नवे येईपर्यंत परीक्षा आल्या, परीक्षेनंतर सुट्टी लागली. ठोक्या, रबर, टाचणी, तिघेही शेवटच्या वर्गातले. शाळा सुटली तशी तीन दिशांना पांगली. सही झाली तेव्हा मुंगी आणखी वाढली होती. आता नुसत्या दोन सेंटिमीटरने भागणार नव्हते.

मी सध्या चित्राच्या शाळेत असते, काचेच्या कपाटात. माझ्यावर फळीताई बसलेली आहे. पाहुणे येतात, वाकून बघतात, काय अचूक माप आहे म्हणतात. खरेच आहे. तिचे तळवे पायटेकूवर पूर्ण टेकतात. तिच्या कमरेला कुठेही रुतत नाही. तिला मैत्रिणीच्या कानात काही सांगायचे नसते. झाडलोट करणाऱ्या मावशी तेवढ्या रोज काच पुसताना तिचा स्कार्फ बघतात आणि म्हणतात, हिला जरा मोकळी करा कुणीतरी.

टाचणी एकदा आली होती, मोठी होऊन. तिने कपाट उघडायला लावले. आसनाखाली हात घालून आपला तो तांबडा ठिपका शोधला, त्यावर बोट ठेवले आणि निघून गेली. जाताना मावशींना सांगत होती, मुंगी आणि तिची आई आता पाचवीत आहेत.

मित्रांनो, मला पुसू नका, माझी स्तुती करू नका. माझे एवढेच ऐका. तुम्हीही कधीतरी मिळून कुणासाठी काही बनवाल. जरूर बनवा. भांडा, हसा, टीप वाकडी मारा. पण मधे एकदा उठून त्या माणसाकडे जा. त्याला त्रास होईल, म्हणून जायचे टाळू नका. दार वाजवा आणि त्याला उभे करून परत मापा. तुम्ही काम करत असता, तेव्हा तो थांबलेला नसतो.

मापे घेतली त्या दिवशी मुंगीने तोच निळा फ्रॉक घातला होता. तेव्हा तो नवा होता. आईने तो वाढत्या मापाचा घेतला होता आणि त्याच्या बाह्या दोनदा दुमडल्या होत्या.