उजवीकडची सावली

खिळा नीट बसलाय का ते बघायला पेंटरबाबांनी शाळेच्या हॉलमध्ये टांगलेल्या आपल्या चित्राच्या चौकटीला बोट लावलं आणि ते तिथंच थांबलं. चित्रात काचेचा जग, जगात गुलाब आणि डेलिया, उजव्या कोपऱ्यात उघडी खिडकी. आणि सगळ्या फुलांच्या सावल्याही उजवीकडेच! उजेड खिडकीतून आत येतोय, तर सावल्या खिडकीकडे कशा पडतील?

झालं! चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. अक्षर काढायचं आणि त्याच्या उजव्या अंगाला सावली ओढायची, म्हणजे ते कसं उठून दिसतं. डोळे खिडकीकडे बघत होते, हातानं मात्र आपलं जुनंच काम केलं. जित्याची खोड, दुसरं काय!

त्यांना कुणी हसलं असतं तरी चाललं असतं. पण सून याच शाळेत चित्रकला शिकवत होती. शिक्षकांच्या प्रदर्शनात सासऱ्यांचं चित्र लावू द्या, म्हणून मोठ्या सरांना राजी करताना तिच्या नाकी नऊ आले होते. पाकळ्यांच्या कडा फार कडक आहेत, पाटीवरच्या अक्षरांसारख्या, असं सरांचं म्हणणं. तीच तर त्यांची शैली, असं ती ठासून म्हणाली होती. आता सर तिला चारचौघांत काय ऐकवतील कोण जाणे! बाबांनी चित्र उतरवायला हात घातला, तेवढ्यात ती आलीच.

"राहू द्या बाबा. मला पहिल्या दिवसापासून दिसतंय ते."

"मग बोलली का नाहीस?"

"सावल्या काढताना तुम्ही शीळ घालत होता."

इतक्यात समोरून सर आले. चष्मा नाकावर ओढून त्यांनी चित्र अगदी जवळून न्याहाळलं. सून उगाचच हातातल्या टाचण्या मोजू लागली.

"उजेड नक्की कुठून येतोय हो?" सरांनी विचारलं.

गिऱ्हाइकांना थापा मारण्यात बाबांचा हात कुणी धरला नसता, पण आज एकही थाप सुचेना. मग खरं होतं तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"डावीकडे ही सूनबाई बसायची. वह्या तपासत."

सरांनी एकदा सुनेकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे.

"मग खिडकी उगाच काढलीत," असं म्हणून ते पुढच्या चित्राकडे वळले.