ऐकलं तेवढंच

"बाटली बाहेर ठेवा, मावशी," दारावरचा शिपाई म्हणाला.

सारजाबाईने पाण्याने भरलेली बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, पदर सारखा केला आणि ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. धाराशिवच्या कोर्टात तारखेला आली की ही बाटली तिच्याजवळ असायचीच. तहान लागली तर बाई नळावर जायची, पण बाटलीला तोंड लावायची नाही. का, असं कुणी विचारलं तर "असू द्या" म्हणायची.

आज कोर्ट भरलेलं होतं, कारण खासदार स्वतः आले होते. इंद्रजित वकील. जिल्ह्याला आता ते खासदारसाहेब, सारजाबाईच्या तोंडी मात्र अजून वकीलसाहेबच. सवयीने पुढच्या बाकाकडे निघाले आणि अंगात काळा कोट नाही हे ध्यानात येऊन मागे जाऊन बसले. पुढे सरकारी वकिलांच्या शेजारी त्यांची ज्युनियर शिवांजली होती.

सारजाबाईचा एकुलता एक महारुद्र. विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून त्याला ठाण्यात नेलं आणि सकाळी त्याचं मढं बाहेर आलं. त्याच्याबरोबर कोठडीत असलेला इसम कोर्टात फितूर झाला. आता सगळा खटला ह्या म्हातारीच्या एका कानावर येऊन टेकला होता.

कारण तिने पाहिलं काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी वकीलसाहेबांनी तिला समोर बसवून विचारलं होतं.

"काय बघितलं?"

"काय न्हाय, साहेब. ठाण्याचं फाटक लावल्यालं हुतं, म्या भाईर. त्याचं वरडणं ऐकलं."

"काय म्हणत होता?"

"पाणी म्हणला." मग ती घाईने म्हणाली, "ते लिवू नगा, साहेब. भर कोर्टात वाचत्याल. ते माज्यापाशी ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी पेन बाजूला ठेवलं होतं. "नाही लिहीत. पण एक ध्यानात ठेवा. ऐकलं तेवढंच सांगायचं, गुंजभरही जास्त नाही. खरं थोडं असलं तरी पुरतं."

असा माणूस! फी घेतली नाही, धमक्यांना भ्याला नाही, फौजदाराला आरोपी करून दाखवलं. तो निवडणुकीला उभा राहिला तेव्हा सारजाबाई घरात बसेल होय? येरमाळ्याच्या सभेत तिने ओरडणं ऐकलं, तेवढंच सांगितलं. लोक पानटपरीकडे बघत उभे राहिले. सभा उठल्यावर साहेबांचा कार्यकर्ता बजरंग तिच्याजवळ आला.

"मावशी, ऐकलं ऐकलं काय करताव? बघितलं म्हणा. पोरगं 'आई' म्हणून वरडलं म्हणा. लोकांच्या काळजाला हात घाला की!"

पुढच्या सभेत तिने घातला. बायांचे पदर डोळ्यांना लागले. टाळी लई वाईट, बाबा. दारूच्या आधी चढते. आणि लोक रडत होते ते तिच्याच महारुद्रासाठी. कुठल्या आईने जीभ आवरली असती? मंचावरच्या खुर्चीत साहेबही डोळे पुसत. पुढे पुढे तर ते स्वतःच्या भाषणातही सांगू लागले, 'आई!' अशी हाक मारली हो त्या लेकराने!

साहेब निवडून आले. दिल्लीला गेले.

आरोपी फौजदाराच्या वकिलांनी परवानगी घेऊन मोबाइलवर सभेची चित्रफीत लावली. सारजाबाईचाच आवाज कोर्टात घुमला. "ह्या डोळ्यांनी बघितलं! पट्ट्यानं मारत हुते! आई म्हणून वरडलं माजं लेकरू!" मागून टाळ्या.

"हा तुमचाच आवाज?"

"व्हय."

"कोर्टात सांगितलंत, फक्त ऐकलं. मंचावर म्हणालात, बघितलं. खोटं कुठलं?"

तिने कठड्याला घट्ट धरलं. शिवांजलीने मान खाली घातली.

"मंचावरचं," सारजाबाई म्हणाली. "हितं सांगितलं त्ये खरं."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलू शकता."

वकिलांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"तेव्हा खासदारसाहेब मंचावर होते?"

"हुते."

"खरं काय ते त्यांना माहीत होतं?"

"व्हय."

"त्यांनी तुम्हाला थांबवलं?"

'त्यास्नी काय ठावं न्हवतं', एवढं म्हटलं की साहेब सुटत होते. तिला ते वाक्य सुचलंही. पण त्याच माणसाने तिला शिकवलं होतं, गुंजभरही जास्त नाही.

"न्हाय थांबवलं," ती म्हणाली. "रडत हुते."

न्यायाधीशांनी ते टंकलेखकाला सांगितलं. शब्द मशीनवर उमटले.

बाहेर आल्यावर तिने कट्ट्यावरची बाटली उचलली आणि बाकावर टेकली. शिवांजली म्हणाली, "मावशी, अजून युक्तिवाद बाकी आहे." पण तिचा आवाजच सांगत होता, खटला हातचा गेला. फौजदार मिशीवर हात फिरवत जिना उतरला. सारजाबाईला वाटलं, आपल्याच हाताने आपण पोराला दुसऱ्यांदा मारलं.

लोकांच्या गराड्यातून वाट काढत साहेब आले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"बरोबर सांगितलंत, सारजाबाई. चूक माझी."

रागवायलाही तिच्या अंगात बळ नव्हतं.

"साहेब, एक इचारू? तुमच्याबिगर कुणाला ठावं न्हाय म्हणून इचारते. सभंत बोलून बोलून माजं डोस्कं फिरलंया. रातच्याला दोन आवाज येत्यात. एक आई म्हणतंय, एक पाणी मागतंय. म्या तुमाला पयल्या दिशी सांगितलं हुतं. खरं कुठलं?"

साहेब तिच्याजवळ वाकले. एकेकाळी ह्या खटल्याचा शब्दन् शब्द त्यांना पाठ होता. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेत दाटून यायचा तसाच गळा दाटून आला.

"आई म्हणाला होता, सारजाबाई. तुम्हालाच हाक मारली त्याने."

तिने हळूहळू मान हलवली. मग मांडीवरच्या भरलेल्या बाटलीकडे पाहिलं.

"मग हे पाणी," ती म्हणाली, "म्या कुणासाठी आणत हुते?"