खालची बाजू

नेकनूरच्या बसस्टँडजवळ रामेश्वरचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. शेतकरी मोबाईलवर किडीचा फोटो दाखवायचे, तो बघून औषध काढून द्यायचा. आणि अळ्या ओळखता ओळखता त्याला फुलपाखरांचा नाद लागला. अळ्या मारून पोट भरायचं आणि त्यातून वाचलेल्यांचं कौतुक करायचं, अशी बायको दीपमाला त्याची थट्टा करी. जिल्ह्यातल्या फुलपाखरूवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मात्र सगळे त्याला सर म्हणत, आणि तो सांगेल ते नाव पक्कं होई.

दसरा झाल्यावर तलवाड्याच्या अंगणवाडीतल्या सुनिताताईंनी एक फोटो टाकला. भिंतीवर पंख पसरून बसलेलं राखी रंगाचं फुलपाखरू, कडांना पिवळी झाक. रामेश्वरनं पुस्तकं पालथी घातली, पण ते कुठंच सापडेना. गटाचा रिवाज असा, की जिल्ह्यात नवं फुलपाखरू ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याच्याच नावानं नोंद व्हायची, आणि सुनिताताई तर गटात नुकत्याच आल्या होत्या. सगळे सरांची वाट बघत होते. मला ओळखू येत नाही, एवढं लिहायचीही रामेश्वरला लाज वाटली. हे मागच्या वर्षी आमच्या सीताफळीवर पाहिलंय, असं त्यानं ठोकून दिलं.

अभिनंदनाचा पाऊस पडला. मग पहिला मान सरांचाच, असं सुनिताताईंनी स्वतःहून लिहिलं, तेव्हा त्याचं तोंड कडू झालं. पण पंखांची खालची बाजू पाहिल्याशिवाय नोंद पक्की होत नाही, ती कशी होती, असं कुणीतरी विचारलंच. एक खोटं झाकायला दुसरं लागतं. खाली विटकरी रंग, मधून भेग पडल्यासारखी वाकडी पांढरी रेघ, असं त्यानं मनानंच रचून लिहिलं.

पुढच्या आठवड्यात सुनिताताईंना तेच फुलपाखरू पंख मिटून बसलेलं सापडलं. फोटोत विटकरी रंग होता, आणि मधून वाकडी पांढरी रेघ होती. सरांचा शब्द खरा ठरला, असं त्यांनी खाली आनंदानं लिहिलं होतं. रामेश्वरनं भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि घर गाठलं.

चुलीपुढं बसून त्यानं दीपमालाला सगळं सांगितलं. सांगताना मान वर होत नव्हती. त्या बाईचं पहिलंवहिलं फुलपाखरू आपण लाटलं, आता गटात खरं काय ते लिहून टाकतो, म्हणाला. तिचा भाकरी थापता हात थांबला.

"खोटं कावून म्हणता? दिसलंवतं की तुमाला."

तिनं हात पुसून आपला जुना मोबाईल आणला. फोटोत विहिरीजवळची सीताफळी होती, त्याचा चौकड्याचा सदरा होता, पानावर वाकलेलं त्याचं तोंड होतं, आणि पानावर ते राखी फुलपाखरू. त्याला यातलं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. तरी क्षणभर, आपण खोटे ठरलो नाही म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच मग अधिक लाज वाटली.

मग आपण तेव्हाच हा फोटो गटात का टाकला नाही, असं त्यानं विचारलं.

दीपमालानं तवा चुलीवरून उतरवला. "फोटो झाला आन तुमी ते मुठीत धरलं. म्या म्हणलं, सोडा, मरंल. तर तुमी म्हणलात, दुसऱ्या कुणाला दिसाया नको." मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुमचं तसलं तोंड म्या कधी बघितलं न्हवतं. म्हणून म्या इचारलंबी न्हाई."

रामेश्वरची डावी मूठ मांडीवर मिटलेली होती. घरात आल्यापासून ती तशीच असावी. आत काहीतरी हलकंसं फडफडलं. दीपमालाची नजर तिथंच होती, आणि तिच्यासमोर ती मूठ उघडायचा त्याला धीर होईना.