पेडणे तालुक्यातला झार

मुळगावच्या अलीकडच्या वाड्यावरच्या हायस्कूलात सगुण गावस सर एकोणीस वर्षं इतिहास शिकवत होते. या एकोणीस वर्षांत त्यांनी स्वतः पाहिलेली संग्रहालयं दोन, आणि त्यातलं एक दुरुस्तीसाठी बंद होतं. म्हणून जानेवारीत वरून परिपत्रक आलं, की आठवीच्या मुलांना रशियाच्या राजघराण्याचा इतिहास आभासी संग्रहालय-भेटीतून शिकवावा, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. सगुण सर तेवढे हसले नाहीत.

परिपत्रकात कारणही दिलं होतं. गोव्याच्या किनाऱ्यावर रशियन पाहुणे येतात, तेव्हा भावी पिढीला त्यांच्याशी त्यांच्या राजांविषयी चार शब्द बोलता यावेत. मुळगावला किनारा नाही हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. इथल्या मुलांच्या ओळखीचा परदेशी म्हणजे खाणीवर यंत्र बसवायला आलेला एक जर्मन, तोही त्यांच्या आजोबांनी पाहिलेला.

सरांनी मात्र मनावर घेतलं. तीन आठवडे ते झारच्या मागे लागले. जेवताना बायकोला, देवकीला, सांगायचे, "पीटर राजा पावणेसात फूट उंच. दाढी ठेवायची तर कर भर म्हणायचा. कर भरला की तांब्याचा बिल्ला मिळायचा."

"आमटी निवते ती जेवा आधी," देवकी म्हणायची.

सेंट पीटर्सबर्गच्या एका संग्रहालयातल्या नीना नावाच्या बाई इंग्रजीतून माहिती देणार होत्या. दिवस शुक्रवार, वेळ आपले अकरा. तिकडे तेव्हा सकाळचे साडेआठ, दारं उघडायच्या आधी. एकच दिवस, एकच तास. मुख्याध्यापिका प्रभावतीबाईंनी प्रोजेक्टरची खोली झाडून घेतली, जनेलांना काळे पडदे लावले. सगळं तयार होतं. राहिली होती फक्त ऑनलाइन मंजुरी.

"सर, पोर्टल फुडें वचना, इथेच अडकलंय," कार्यालयातला विशाल म्हणाला.

सगुण सर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. संग्रहालय-भेटीसाठी एकच अर्ज होता, सहलीचा. त्यात बसचा क्रमांक हवा होता, चालकाचा परवाना, प्रथमोपचार पेटी, आणि मुलांना पाण्यात उतरू देणार नाही असं हमीपत्र.

"अरे, पण आम्ही जाणार कुठे? प्रोजेक्टरच्या खोलीत."

"पोर्टलाला प्रोजेक्टर कळत नाही, सर. आणि हे बघा, ठिकाणाचा तालुका घालायचा आहे. यादीत आपलेच तालुके. रशिया नाही."

"मग कोरं सोड."

"कोरं सोडलं तर लाल होतं." विशालने जरा विचार केला. "पेडणे घालूया? रशियन सगळे तिथल्या मोरजी-हरमलातच असतात. त्यातल्या त्यात जवळ."

सरांना हसू आलं आणि त्यांनी मान हलवली. ती मान त्यांनी हलवायला नको होती. पुढच्या क्षणाला अर्ज हिरवा झाला आणि दोन दिवसांत मंजुरी आली: चौतीस विद्यार्थी, पेडणे तालुका, बस मंजूर. खाली अट. त्या दिवशी दुपारी बाराच्या आत पेडणे तालुक्यातून मुलांचे फोटो टाकायचे. ठिकाण फोटोवर आपोआप उमटेल. फोटो न आल्यास भेट झाली नाही असं समजण्यात येईल.

प्रभावतीबाईंनी शिक्षण खात्याच्या कार्यालयात फोन लावला. अर्धा तास त्या 'आभासी' या शब्दाचा अर्थ समजावत होत्या. शेवटी फोन ठेवून म्हणाल्या, "ते म्हणतात, तुमचं बरोबर आहे. पण मंजुरी पेडण्याची आहे."

"मग रद्द करूया आणि नव्याने भरूया."

"रद्द केली तर यंदा पुन्हा भरता येत नाही. विचारलं मी." बाई चष्मा पुसू लागल्या. "सर, लॅपटॉप बसमध्ये चालतो ना?"

अशा रीतीने शुक्रवारी सकाळी साडेआठला आठवीचा वर्ग रशियाला जायला निघाला. बसचा चालक निवृत्ती मूळचा चंदगडचा, मिशा पिळलेला, बोलका. त्याने आधी किलोमीटरच्या काट्याचा फोटो काढायला लावला, कारण तोही रकाना होता. मग विचारलं, "पेडण्यात कुठं घालू, सर?"

सरांनी याचा विचारच केला नव्हता. "जिथे नेटवर्क असेल तिथे."

म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराने रस्ता धरला होता. पाऊण तास गाडी चवळीच्या जुड्या आणि मिरच्यांच्या ढिगांमधून मुंगीसारखी सरकली. मुलांनी मागे गाणी म्हटली, डबे उघडले, उंडे पाव संपवले. पुढच्या बाकावर सगुण सर मांडीवर लॅपटॉप घेऊन, लग्नाच्या मंडपात उशीर झालेल्या नवरदेवासारखे, मिनिटामिनिटाला घड्याळ पाहत होते. पेडणे शहरात नेटवर्क दोन दांड्या. पुढच्या चढावर एक. तेरेखोलच्या फेरीच्या धक्क्यावर पोचले तेव्हा अकराला सात कमी होते, आणि मोबाइलवर चार दांड्या उभ्या होत्या.

"थांबवा, थांबवा! हाच रशिया!" सर ओरडले, आणि मागे चौतीस मुलांनी टाळ्या वाजवल्या.

सुरूच्या सावलीत मुलं दाटीवाटीने बसली. लॅपटॉप प्रथमोपचाराच्या पेटीवर ठेवला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या नीनाबाई प्रगटल्या. त्यांच्या मागे सोन्याचं दार, इकडे मुलांच्या मागे नदी.

"तुमची शाळा फार सुंदर आहे," नीनाबाई म्हणाल्या.

सरांनी त्याचं भाषांतर केलं नाही.

पण पुढे जे झालं ते सरांनी कल्पलंही नव्हतं. बाई कॅमेरा घेऊन दालनामागून दालन चालत होत्या, सर मराठीत सांगत होते, आणि मुलं ऐकत होती. पीटरला दात उपटायचा छंद होता आणि दरबारी दात दुखला तरी बोलत नसत, हे ऐकून सगळी लोळून हसली. बिल्ल्याचा फोटो आला तेव्हा निवृत्तीने मिशीवरून हात फिरवला. "मिशीला होता का वं कर?" सेजल नावाची मुलगी कधी वर्गात तोंड उघडायची नाही. तिची आई मोरजीच्या एका हॉटेलात खोल्या आवरायला जायची. ती उभी राहून म्हणाली, "सर, विचारा त्यांना, इतक्या खोल्या पुसायची कोण?"

सरांनी विचारलं. नीनाबाई थांबल्या. म्हणाल्या, "तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही." मग त्यांनी कॅमेरा वळवला. दाराआड एक बाई बादली घेऊन उभी होती, तिने लाजून हात हलवला. चौतीस हात उलट हलले.

शेवटच्या झारची गोष्ट सुरू झाली. राणी, चार मुली, एक आजारी मुलगा. राज्य गेलं, सगळ्यांना दूर नेऊन एका घरात कोंडलं. एका रात्री त्यांना उठवून तळघरात नेलं, आणि इथे चित्र थबकलं. नीनाबाईंचं तोंड अर्धं उघडं राहिलं. चारातली एकही दांडी उरली नाही.

"सर, मग?" मुलं ओरडली. "फुडें?"

सरांना पुढचं पाठ होतं. पण तेवढ्यात निवृत्ती धावत आला. "सर, बाराला बारा कमी! फोटो!"

नेटवर्कच्या शोधात सगळी सुटायच्या बेतातल्या फेरीबोटीत चढली. नदीच्या मधोमध एक दांडी आली. मुलांना तीन रांगांत उभं केलं, उंच मागे, बुटके पुढे. "हसा! दात दिसूदेत!" सर म्हणाले, आणि अकरा अठ्ठावन्नला फोटो गेला. परतीच्या वाटेवर मुलं झोपली. सर जागे होते, उगाचच खूश.

पंधरा दिवसांनी कौतुकपत्र आलं. 'पेडणे तालुक्याचा स्थानिक वारसा' या विभागात शाळा उत्तर गोव्यात पहिली. प्रार्थनेला खात्याचे अधिकारी स्वतः आले, "आपल्या मातीतल्या राजांचा अभ्यास" यावर वीस मिनिटं बोलले आणि सरांना नारळ दिला. रशियाचा उल्लेख कुणी केला नाही. सगुण सरांनी सत्य सांगायला तोंड उघडलं, तर प्रभावतीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी "धन्यवाद" म्हणून खाली बसून घेतलं. नंतर त्यांनी खुलाशाचं पत्रही लिहिलं. उत्तर आलं: ठिकाणातील दुरुस्ती सात दिवसांच्या आतच करता येते.

ते उत्तर आलं त्या दुपारी आठवीचा तास होता. सरांनी खडू घेतला आणि रोजचा धडा काढला.

"सर, तळघरात काय झालं?" सेजलने विचारलं.

लहान मुलांना काय सांगायचं, म्हणून सरांनी सहलीच्या दिवसापासून हा विषय टाळला होता. त्यांनी पुस्तक मिटलं. "त्यांना मारलं," ते म्हणाले. "सगळ्यांना. मुलींनासुद्धा. सगळ्यांत धाकटी सतरा वर्षांची होती."

"ओरडली नाहीत ती?"

"त्यांना आधी कळलं नाही. कुणी म्हणतात, फोटो काढायचा आहे असं सांगून त्यांना रांगेत उभं केलं होतं."

आपण हे वाक्य इतक्या दिवसांत कितीदा वाचलं आणि आज पहिल्यांदा ऐकलं, असं सरांना वाटलं. खालच्या कार्यालयातून विशालचा आवाज आला. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, की पुढच्या भेटीचा अर्ज या वेळी वेळेवर भरतो. सरांनी जाऊन दार लावून घेतलं, मुलांच्या समोर बाकावर बसले आणि त्या चार मुलींची नावं एकेक करून फळ्याशिवायच सांगू लागले.