ऑर्गोनची पेटी

सासऱ्यांनी बाहेरच्या खोलीत पेटी बांधायला घेतली, तेव्हा मी सरळ विचारलं, "अप्पा, हे कपाट आहे की संडास?"

"ऑर्गोनची पेटी," ते म्हणाले. तोंडात खिळे धरलेले होते, तरी उच्चार अगदी स्वच्छ.

हे खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं बागेत त्यांच्यासोबत फिरायला येणाऱ्या घड्याळजींनी. म्हणे साऱ्या विश्वात, हवेत, झाडात, माणसात एकच जीवनशक्ती भरून राहिली आहे आणि तिचं नाव ऑर्गोन. लाकूड आणि लोकर तिला ओढून घेतात, पत्रा तिला आत ढकलतो. असे थरांवर थर देऊन पेटी करायची, आत जाऊन बसायचं, की माणूस ताजातवाना! शास्त्रज्ञांनी ही गोष्ट केव्हाच मोडीत काढली आहे, हे मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"ते आत बसून बघून बोलले का?" एवढंच त्यांनी विचारलं.

अप्पांचा जन्म सुतारकामात गेलेला. काम हातात घेतलं की त्यात कसर ठेवणं त्यांना जमतच नाही. फळी, लोकर, पत्रा, पुन्हा लोकर, पुन्हा पत्रा, वर परत फळी. घरातले जुने स्वेटर, फाटक्या रजया आणि माझा एक चांगला धडका कोट त्या भिंतींमध्ये गडप झाला. कोटाचं मी अजून विसरलेले नाही. शक्ती जमिनीत गळू नये म्हणून पेटीखाली रबराच्या जाड चकत्या आल्या. हवेसाठी वर एक वाकडातिकडा नळा काढला, त्यालाही आतून लोकरीचं अस्तर. दार तर असं घट्ट, की खांद्याने रेटावं लागायचं.

दुपारचं जेवण झालं की अप्पा आत जायचे आणि लालबुंद होऊन बाहेर यायचे.

"बघ, चेहऱ्यावर तेज आलंय."

"उकडून आलंय," मी म्हणायचे.

माझी एवढी चिडचिड का व्हायची तेही सांगते. जागा मला हवी होती. मी बुटांच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांचे पाय मोजते. पण शाळेत असल्यापासून मी ट्रंपेट वाजवते, आणि शहराच्या बँडमध्ये ट्रंपेटची एक जागा निघाली होती. परीक्षा महिन्यावर आलेली. आता ट्रंपेट ही काही लपूनछपून वाजवायची वस्तू नव्हे. आमच्या खाली नर्सबाई राहतात, त्यांना कायमची रात्रपाळी. मी दुकानातून यायचे तेव्हा त्या गाढ झोपेत असायच्या आणि त्या कामाला निघेपर्यंत इमारतीतल्या पोरांची झोपायची वेळ व्हायची.

नर्सबाई एकदाच वर आल्या होत्या, तेही किती गोडीने! "ताई, वाजवा हो तुम्ही. पण झोपेच्या तारेत माझ्या हातून कुणाला भलतंच इंजेक्शन गेलं तर?"

बाई भांडली असती तर मी दुप्पट जोराने वाजवलं असतं. मग मी न्हाणीघरात टॉवेल कोंबून वाजवून पाहिलं. नदीकाठी गेले, तर तिथल्या कुत्र्यांनी माझ्यासोबत सूर लावला. वरच्या पट्टीतले सूर लागेनासे झाले, ओठ सैल पडत चालले. ही जागा हातची गेली तर पुढची निघेपर्यंत माझे दात तरी जागेवर राहतील की नाही, याची मला खरोखर धास्ती वाटत होती.

अशात एका सुट्टीच्या दिवशी अप्पा पेटीत गेले ते बाहेरच येईनात. मी हाका मारल्या. दार बडवलं. आतून हूं नाही की चूं नाही. नवरा पहार घेऊन धावला, आमचा गोंधळ ऐकून नर्सबाई झोपेतून उठून तशाच वर आल्या. कडी उखडून दार रेटलं, आणि आतून एकदम आवाजाचा लोंढाच बाहेर आला. अप्पा डोळे मिटून, मांडीवर ताल धरून, बेंबीच्या देठापासून गात होते.

"काय झालं? आग लागली का?" त्यांनी विचारलं. मग उखडलेल्या कडीकडे पाहून नवऱ्याला असं काही झापलं, की बिचारा पहार पाठीमागे लपवून उभा राहिला.

नर्सबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. "ताई, एवढं गात होते, आणि आपल्याला कणभर ऐकू आलं नाही!"

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

अडला हरी, धरले पाय. अप्पांनीही मला चांगलंच झुलवलं. आधी "संडास कोण म्हणालं होतं?" मग "पितळ आत नेलं तर शक्ती बिघडते." मी हात जोडून उभीच राहिले. शेवटी त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि नवी कडी बसवायला घेतली. संध्याकाळपुरती पेटी माझी झाली. पुढे मी सुट्टीच्या दिवशी दुपारीही आत जायला लागले, तेव्हा त्यांनी आपली दुपारही सोडून दिली.

आत घामाच्या धारा लागायच्या. पण मी छाती भरून वाजवलं. नर्सबाई खाली शांत झोपल्या, आणि परीक्षेत वरचे सूर असे खणखणीत लागले की माझे मलाच खरे वाटेनात. जागा मला मिळाली. अप्पांनी घड्याळजींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं, "ऑर्गोन! दुसरं काय?" मी ओठ घट्ट मिटून घेतले. माणसाने उपकाराची जाण ठेवावी.

बँडला सरावासाठी स्वतःचा हॉल होता. मी पेटी घासूनपुसून अप्पांना परत दिली. ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तर आत जाणंच सोडलं. पेटीला पाठ लावून नुसतेच स्टुलावर बसू लागले. चेहरा उतरलेला, जेवणावर लक्ष नाही. खूळ गेलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"अप्पा, आत का नाही बसत?"

"आत आता काही नाही गं." त्यांनी फळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तू वाजवायचीस ना, तेव्हा मी इथेच टेकून बसायचो. ऐकू काही यायचं नाही. पण ही फळी बारीक थरथरायची, सगळ्या पाठीला जाणवायचं. तुझी सासू गेल्यापासून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं." मग अगदी खात्रीने म्हणाले, "ऑर्गोन म्हणतात तो हाच."

शास्त्रज्ञांचं सगळं म्हणणं माझ्या जिभेवर तयार होतं. मला भरून आलं होतं, आणि भरून आलं की मी खेकसते.

"मग नीट टेकून बसा! असं पोक काढून काय बसलाय?"

मी ट्रंपेट घेतला, आत शिरले आणि दार खांद्याने रेटून लावलं. आधी खालचे, जाड सूर घेतले. ते फळीला जास्त लागतात.